हरमलचा किनारा आणि तापीचा घाट

खानदेशास समुद्र नाही. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी ह्या आमच्या नद्या. त्यांपैकी बहुतेकींची पात्रे वैशाखात वाळवंटासारखी तापतात. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडील मनुष्य जेव्हा समुद्रकाठी जातो, तेव्हा त्यास पाण्याच्या विस्ताराचे जितके आश्चर्य वाटते, तितकेच त्या पाण्यात शिरणाऱ्या माणसांच्या वागण्याचेही वाटते. आमच्याकडे स्नान हा विधी आहे, तेथे तो विहार आहे. आमच्याकडे नदीत उतरण्यापूर्वी हात जोडतात, तेथे अंगावरील कपडे उतरवून ठेवतात. आणि काही ठिकाणी, जुन्या काळी पुष्कळ आणि आता क्वचित्, ते सर्वच उतरवून ठेवणारी माणसेही दृष्टीस पडतात.

ह्या शेवटच्या गोष्टीविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकताच काही वाचकभगिनी पान उलटतील, ह्याची मला जाणीव आहे. परंतु ज्या घरात वयात येणारी मुले व मुली एकाच छपराखाली वाढतात, आणि ज्या घरातील मंडळी सुटी लागताच गोव्याची तिकिटे काढतात, त्या घरात हा विषय न बोलता सुटत नाही. तो वडील माणसांनी बोलला नाही तर मुले आपापल्या परीने त्याचा निकाल लावतात, आणि तो निकाल नेहमीच चांगला असतो असे नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सात माणसे भुसावळहून निघालो. मी, आमची मंडळी, माझ्या वडील भगिनी (ह्यांस घरात सर्वजण ताई म्हणतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे), चिरंजीव, सूनबाई, सतरा वर्षांची नात आणि पुतण्याचा सोळा वर्षांचा मुलगा, म्हणजे नात्याने माझा नातूच. दिल्लीहून वास्कोस जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव ह्या मार्गाने जाते, आणि लोंढ्यापुढे सह्याद्रीचा घाट उतरताना दूधसागर धबधब्याच्या अगदी समोरून जाते. आमच्या काळ्या सपाट मुलखातून निघालेल्या माणसास तो घाट म्हणजे एका देशाचा शेवट आणि दुसऱ्याचा प्रारंभ वाटतो. मडगावी उतरून आम्ही म्हापशास आलो, आणि तेथून बार्देश व पेडणे ह्या उत्तरेकडील दोन तालुक्यांचा किनारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, आठ दिवसांत थोडाथोडा करून पाहिला.

प्रथम कांदोळी आणि कळंगुट. ह्या किनाऱ्यावर स्नानास येण्याची चाल परकीय प्रवाशांनी आणली, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. गोमंतकातील कुटुंबे फार पूर्वीपासून मे महिन्यात हवापालटासाठी समुद्रकाठी येऊन राहात, आणि खाऱ्या पाण्याचे स्नान अंगदुखीवर औषधी मानून ते नेमाने करीत. ती स्नाने अंगभर वस्त्रांनिशी होत. आज कळंगुटास इतकी गर्दी असते की वाळू दिसणे कठीण. तेथे आमची नात पाण्यात उतरू इच्छीत होती आणि पोहण्याचा पोशाख तिने बरोबर आणला होता. तो पोशाख गुडघ्यापर्यंत व कोपरापर्यंत अंग झाकणारा, शाळेच्या तलावावर मुली वापरतात तसला. परंतु मंडळींनी त्यास हरकत घेतली. "चारचौघांत हे शोभत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. मुलगी काही बोलली नाही. वाळूत बसून राहिली. हा प्रश्न तेव्हा तेथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी हणजूण. इंग्रजी वळणाने ज्यास अंजुना म्हणतात तेच हे गाव. १९६१ च्या १९ डिसेंबरास गोमंतक मुक्त झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, युरोप-अमेरिकेतील तरुण-तरुणींचे तांडे येथे येऊ लागले. त्यांस हिप्पी म्हणत. आपल्या देशातील संपत्ती, युद्ध आणि शिष्टाचार ह्या तिहींचा त्यांस वीट आला होता. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ह्या खुष्कीच्या मार्गाने ते मोटारींतून हिंदुस्थानात येत. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि तो मार्ग बंद पडला. तोवर दहा-बारा हिवाळे हे लोक हणजूण आणि वागातोर येथील माडांच्या बनांत झोपड्या बांधून किंवा कोळ्यांच्या खोल्या भाड्याने घेऊन राहिले. बुधवारी भरणारा तेथील प्रसिद्ध बाजार हे त्यांचेच अवशिष्ट. आपल्याजवळील वस्तू विकून परतीच्या प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठी त्यांनी तो सुरू केला.

ह्या लोकांस वस्त्रांचाही वीट आला होता. ते किनाऱ्यावर विवस्त्र वावरत, पोहत, ऊन खात पडत. गावकऱ्यांची स्थिती चमत्कारिक झाली. एकीकडे खोलीभाड्याचे चार पैसे गाठीस येत. दुसरीकडे त्याच वाटेने मुलांनी शाळेत जावयाचे आणि बायकांनी चर्चला किंवा देवळास जावयाचे. ह्यातून तक्रारी झाल्या, निषेध झाले, आणि किनाऱ्यावर नग्नतेस बंदी असल्याच्या पाट्या उभ्या राहिल्या.

परंतु ह्या इतिहासाचा दुसरा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. विवस्त्र गोरी माणसे पाहावयास मिळतात, ही वार्ता पसरताच आपल्याच देशातील पुरुषांचे जथे केवळ तेवढ्याचसाठी हणजूणास येऊ लागले. प्रवाशांच्या बसगाड्या देवळे, चर्चे आणि किल्ले दाखवून झाल्यावर हणजूणच्या कड्यावर थांबत. मंडळी खाली उतरून पाहात उभी राहात आणि पुन्हा गाडीत बसून जात. म्हणजे पहिल्यांनी वस्त्र टाकले आणि दुसऱ्यांनी ते टाकलेले पाहण्याचा धंदा केला. ह्या दोहोंपैकी आपल्या समाजात निंदा मात्र पहिल्यांचीच झाली.

आज गोमंतकात, किंबहुना सबंध भारतात, विवस्त्र स्नानास मोकळीक असलेला एकही अधिकृत किनारा नाही. सार्वजनिक स्थळी इतरांस उपद्रव होईल असे अश्लील कृत्य करणे हा पूर्वीच्या दंडसंहितेच्या २९४ कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो २९६ व्या कलमात आहे, आणि त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितली आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात मिलिंद सोमण ह्या सुपरिचित मराठी नटाने आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा गोवा पोलिसांनी त्याजवर गुन्हा नोंदविला होता. आता ह्याच संहितेतील ७७ वे कलम पाहा. एखादी स्त्री, आपणास कोणी पाहात नाही असे समजून, एकांतात असता तिजकडे चोरून पाहणाऱ्यास किंवा तिचे चित्र घेणाऱ्यास पहिल्या अपराधास कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. अपराध पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. हा नियम प्रथम २०१३ साली झाला. तो एकांतापुरता आहे, किनाऱ्यावरील प्रत्येक पाहणाऱ्यास तो लागू पडत नाही, हे खरे. तथापि अंगाच्या अपराधास महिने आणि डोळ्याच्या अपराधास वर्षे, हे माप विचार करण्याजोगे आहे.

आमच्या शास्त्रांचे मत काय, असे वाचक विचारतील. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने नग्न होऊन स्नान करू नये असा स्पष्ट निषेध आहे. भागवताच्या दशम स्कंधात, मार्गशीर्ष महिन्यात कात्यायनीचे व्रत करणाऱ्या गोकुळातील कुमारिका यमुनेत विवस्त्र उतरतात, तेव्हा श्रीकृष्ण वस्त्रे हरण करून, व्रतस्थांनी असे स्नान करणे हा देवाचा अपराध होय, असे त्यांस समजावितो. तेव्हा गृहस्थाश्रमी माणसापुरते पाहावयाचे तर शास्त्राचा कौल वस्त्राच्या बाजूस आहे, आणि तो मला मान्य आहे. पण त्याच भागवतात, अगदी आरंभी, ह्याच विषयावर दुसरी एक कथा आहे. ती ज्या प्रसंगाने मला आठवली तो प्रसंग आधी सांगतो.

वागातोर पाहून आम्ही शापोरा नदीवरील शिवोलीच्या पुलाने पेडणे तालुक्यात आलो. येथून किनाऱ्याचे स्वरूप पालटते. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल अशी गावे एकापुढे एक लागतात. वाळू रुंद, गर्दी विरळ, मध्येच सुरूची झाडी आणि लहानशा ओढ्याचे तोंड. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे रात्री येऊन अंडी घालतात. त्या जागांभोवती वनखात्याने कुंपण घातलेले आम्ही पाहिले. प्रकाशाने कासवी बिचकून अंडी न घालताच परत फिरते, म्हणून तेथे रात्री दिवे लावू देत नाहीत. मुक्या प्राण्याच्या प्रसूतीसाठी माणसांनी आपला प्रकाश आवरावा, ही गोष्ट ताईंना फार आवडली.

हरमलच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकास एक डोंगर समुद्रात उतरतो. त्याच्या कडेने, दुकानांच्या रांगेतून एक अरुंद पायवाट जाते, आणि पलीकडे एक लहानसा किनारा लागतो. ह्या किनाऱ्यास लागूनच, वाळूच्या बांधामागे, गोड्या पाण्याचे एक तळे आहे. एका बाजूस खारा समुद्र गर्जत आहे आणि पन्नास-साठ पावलांवर गोडे पाणी निश्चल पडले आहे, असा देखावा मी अन्यत्र पाहिला नाही. तळ्यामागील रानात पिवळसर माती सापडते. ती अंगास फासून, उन्हात वाळवून मग स्नान करण्याची चाल परदेशी प्रवाशांत आहे. आमच्या चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाच्या ऊन पाण्यात त्वचारोग जावा म्हणून लोक स्नान करतात, त्याची आठवण झाली.

आम्ही सकाळी नऊच्या सुमारास तेथे पोहोचलो. तळ्याच्या दूरच्या टोकास, झाडांच्या सावलीत, एक वृद्ध परदेशी दांपत्य अंगावरील माती धुऊन पाठमोरे बसले होते. दोघांच्याही अंगावर वस्त्र नव्हते. वये माझ्याइतकी तरी असावीत. ती दोघे कोणाचे लक्ष वेधून घेत नव्हती. आपल्या घरामागच्या ओट्यावर बसावे तशी बसली होती. मी मान वळविली आणि समुद्राकडे पाहू लागलो. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. आठ-दहा तरुणांचे टोळके बांधावर उभे होते आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाइल त्या वृद्धांकडे रोखलेला होता. बोलणे मराठी होते. त्यांच्या कडेस आमचा नातूही उभा होता, आणि त्याच्याही हातात मोबाइल होता.

मी त्यास बाजूस बोलाविले व चित्र पुसून टाकावयास सांगितले. त्याने ते पुसले. परंतु मुलगा विचारी आहे, त्याने मला सरळ प्रश्न केला. "आजोबा, ते दोघे उघड्यावर बसले आहेत. त्यांना लाज नाही, मग मी नुसते पाहिले तर माझे काय चुकले?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नास दटावणी हे उत्तर नव्हे. जवळच एक बाई शहाळी विकीत होत्या. गावातल्याच असाव्यात. त्यांनी हे ऐकले होते. शहाळे तासता तासता त्या आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत मला म्हणाल्या, "ही परदेशी माणसे आमच्या पोरांसमोर कपडे काढतात, ते आम्हाला नको. पण तुमची माणसे बघायला म्हणून येतात आणि मग आमच्या पोरींकडेसुद्धा तसेच बघतात. ते तर मुळीच नको."

ह्या दोन वाक्यांत त्या गावाचा पन्नास वर्षांचा अनुभव होता.

रात्री उतारूगृहाच्या ओसरीवर सर्वजण बसलो असता नातवाचा प्रश्न मी सर्वांपुढे ठेवला. वाटले होते की सूनबाई किंवा चिरंजीव काही बोलतील. परंतु बोलल्या त्या ताई. त्यांचे बालपण तापीकाठच्या खेड्यात गेले. त्या म्हणाल्या, "अरे, नदीवर आम्हीसुद्धा उघड्यावरच होतो. कार्तिकात पहाटे घाटावर जायचो, चाळीस-पन्नास बायका. एका लुगड्यात अंघोळ, आणि ओले लुगडे अंगावर असले काय नि नसले काय सारखेच. तिथेच बदलायचे. घाटाला कुठे भिंत होती? पुरुष येत तेव्हा लांबूनच खाकरत, आणि बायका आहेत असे कळले की पाठ फिरवून वरच्या अंगाला जात. गुरे पाजायला आणलेला पोरगाही नदीकडे पाठ करून उभा राही. पुरुषांची पाठ हीच आमची भिंत."

नातू गप्प राहिला. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, "आणि कोणी वळून पाहिले तर?" ताई म्हणाल्या, "मग त्याची गावात शोभा होई. आमची नाही."

सुज्ञ वाचकांनी ह्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. लाज होती आणि आजच्याहून कडक होती. पण ती पाहणाऱ्याच्या वाट्यास जात असे. पुढे घरोघर नळ आले, न्हाणीघरे आली, घाटावरचे स्नान पर्वकाळापुरते उरले. त्याबरोबर स्नानाची गैरसोय गेली हे उत्तम झाले. परंतु पाठ फिरविण्याची रीतही गेली. ज्या मुलास लहानपणी कधी पाठ फिरवावी लागली नाही, त्याच्या हाती आता चित्र घेणारे यंत्र आले आहे.

ह्या ठिकाणी भागवताची ती दुसरी कथा सांगतो. शुकाचार्य विरक्त होऊन घराबाहेर पडले आणि पिता व्यास त्यांच्यामागून हाक मारीत निघाले. वाटेत एका सरोवरात काही स्त्रिया जलक्रीडा करीत होत्या. तरुण शुक जवळून गेला, तेव्हा त्यांनी अंग झाकले नाही; वृद्ध व्यास मागून आले, तेव्हा मात्र लगबगीने वस्त्रे घेतली. व्यासांस नवल वाटले. विवस्त्र होता तो मुलगा, सवस्त्र होता तो पिता. मग लज्जा पित्याची का? स्त्रियांनी सांगितले की, हा स्त्री आणि हा पुरुष असा भेद आपल्या दृष्टीत आहे, आपल्या पुत्राच्या दृष्टीत नाही. वेदांचे विभाग करणाऱ्या महर्षींस हे उत्तर त्यांच्याच नावावर असलेल्या ग्रंथात मिळावे, ह्यात आपल्या परंपरेचे मोठेपण आहे.

आणि ही केवळ पोथीतील गोष्ट नव्हे. धुळ्याहून ताहराबादमार्गे गेले असता बागलाणात मांगी-तुंगीचे डोंगर लागतात. तेथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ती अखंड पाषाणात पूर्ण झाली. ती दिगंबर आहे. बायकामुलांसह हजारो कुटुंबे तिच्या चरणी मस्तक ठेवतात, आणि कोणाच्या मनात विकल्प येत नाही. २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर नागा साधूंचे शाहीस्नान झाले. तेथेही नग्नतेमुळे कोणी तोंड फिरविले नाही. जळगावापासून जेमतेम साठ किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिंतींवर राजस्त्रिया आणि दासी किती थोड्या वस्त्रांत चितारल्या आहेत, हे शाळेच्या सहलीत मी तीस वर्षे मुलांस दाखविले. मुनीचे व्रत असते, साधूचे पर्व असते, चित्रास भिंत असते. ह्या सर्व ठिकाणी पाहणाऱ्यास आपण काय पाहात आहोत व कसे पाहावे, हे ठाऊक असते.

पाश्चात्यांनीही हे निराळ्या वाटेने ओळखले आहे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, ऊन-वाऱ्याने शरीर निरोगी राहते ह्या समजुतीने, मुक्तकायेची एक चळवळच निघाली. तेथील बाल्टिक व उत्तर समुद्राच्या काठी ठराविक भाग विवस्त्र स्नानासाठी राखलेले आहेत. आजीपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब तेथे जाते. पाटीच्या अलीकडे वस्त्र, पलीकडे ज्याची त्याची इच्छा. आणि टक लावून पाहणे हा तेथे असभ्यपणा समजला जातो. आपल्या महाराष्ट्राशीही ह्या चळवळीचा संबंध जितका वाटतो त्याहून जुना आहे. अशा प्रकारची जगातील पहिली ज्ञात संस्था १८९१ साली ठाण्यास निघाली. तिचे संस्थापक चार्ल्स क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातील जिल्हा न्यायाधीश होते, आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे धरून सभासद अवघे तीन. माथेरानच्या रानात त्यांचे मेळावे भरत. पुढल्याच वर्षी न्यायाधीशमहाशयांची बदली रत्नागिरीस झाली आणि संस्था बुडाली. त्यानंतर महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे चिरंजीव रघुनाथराव ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात विवस्त्रतेचा निर्भयपणे पुरस्कार केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. रघुनाथरावांची सर्वच मते मला पटत नाहीत. पण शरीराकडे चोरून पाहण्याची सवय त्याच्या लपविण्यातून वाढते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा खोडून काढणे सोपे नाही.

येथे कोणी विचारील, पाहणाऱ्याचीच सर्व जबाबदारी असेल तर कोणीही कोठेही वस्त्रे टाकावीत काय? मुळीच नाही. शहाळेवाल्या बाईंचे पहिले वाक्य विसरून चालणार नाही. जर्मन किनाऱ्यास सीमा आहे आणि ती त्या देशातील लोकांनीच आखली आहे. हणजूणास तशी सीमा कोणी आखली नव्हती. पाहुण्यांनी यजमानांस न विचारताच त्यांचे अंगण आपल्या रीतीसाठी घेतले. दुसऱ्याच्या गावात जाऊन त्या गावाची मर्यादा मोडणे ह्यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत. तेव्हा दोष दोन आहेत, आणि ते एकमेकांनी फिटत नाहीत. समोरच्याने मर्यादा सोडली म्हणून मला माझी सोडण्याचा परवाना मिळत नाही. नातवास मी हेच सांगितले. त्या वृद्धांनी वस्त्र सोडले असेल. तुझे वस्त्र तुझ्या डोळ्यांवर होते, ते तू का सोडावेस?

आता नातीच्या पोशाखाचा प्रश्न. ताईंचे बोलणे मंडळींनीही ऐकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांस म्हणालो की, ज्या घराने मुलास पाठ फिरवावयास शिकविले नाही, त्या घराने मुलीस वाळूत बसवून ठेवणे हा न्याय नव्हे. चूक एकाची आणि शिक्षा दुसरीस. त्यांस सर्वस्वी पटले असे म्हणवत नाही. परंतु त्या उठल्या, पंचा घेतला आणि म्हणाल्या, "चल, मी काठावर उभी राहते." मुलगी आपल्या पोशाखात मांद्र्याच्या शांत किनाऱ्यावर तासभर मनसोक्त पोहली. नातू तिच्या चपला सांभाळीत, समुद्राकडे पाठ करून गावच्या बाजूस तोंड करून बसला होता. त्यास कोणी सांगितले नव्हते.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाल-पिवळ्या वेषातील जीवरक्षक दिसतात. २००८ पासून हे काम ज्या संस्थेकडे आहे तिचे नाव 'दृष्टी'. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी तिची नेमणूक झाली आहे आणि ते काम ती करतेच. पण डोळ्यांचा उपयोग माणसाचे रक्षण करण्याकडे व्हावा, हा ह्या नावाचा अर्थ मला ह्या प्रवासात विशेष भावला.

शेवटी केरीस गेलो. येथे तेरेखोल नदी समुद्रास मिळते आणि गोमंतकाचा हा किनारा संपतो. फेरीबोटीने पलीकडे गेले की तेरेखोलचा लहानसा किल्ला, आणि त्यापुढे आपला सिंधुदुर्ग जिल्हा. केरीची सुरूची राई, ओसरता समुद्र आणि समोरचा किल्ला हा देखावा सबंध प्रवासात मला सर्वांत रम्य वाटला. जी कुटुंबे जावयाची असतील त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हा काळ धरावा, कळंगुटापेक्षा पेडण्याकडील किनारे पसंत करावेत, जीवरक्षकांच्या झेंड्यांची खूण पाळल्याखेरीज पाण्यात उतरू नये, आणि हरमलचे गोडे तळे अवश्य पाहावे. तळ्याच्या पलीकडील टोकास कोणी एकांतात बसले असल्यास मुलांस घेऊन अलीकडेच थांबावे व समुद्र दाखवावा. तो पुष्कळ मोठा आहे. पाहून संपत नाही.